चीनमध्ये नव्याने आलात? पहिल्या डबल इलेव्हनची तयारी अशी करा

सुझौमधला आमचा पहिला नोव्हेंबर उजाडला तेव्हा घरात दोन पातळ रजया आणि पुण्याहून आणलेले तीन स्वेटर, एवढीच थंडीची शिदोरी होती. ह्वाई नदीच्या दक्षिणेकडच्या शहरांत उत्तरेसारखं इमारतभर चालणारं हीटिंग नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. बीजिंगला बाहेर पाणी गोठत असलं तरी घरात साध्या शर्टावर बसता येतं. आमच्याकडे मात्र लादी पायाला झोंबायची आणि सकाळी कणीक मळताना बोटं वळायची नाहीत. हीटर घ्यायला मॉलमध्ये निघाले तर शेजारच्या आयींनी (इथे मावशीला ‘आयी’ म्हणतात) जिन्यातच थांबवलं. फोनवर भाषांतर करून दाखवलं, ‘आता घेऊ नकोस. डबल इलेव्हन आलाय.’

डबल इलेव्हन म्हणजे ११ नोव्हेंबरचा मोठा ऑनलाइन सेल. आयींचं म्हणणं खरं होतं. पण नियम माहीत नसताना मी त्या गर्दीत उतरले आणि १०० युआन घालवून बसले. ते कसे, ते पुढे सांगते. सप्टेंबरात इथे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे दरवर्षी मला तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते

डबल इलेव्हन, चिनीत ‘श्वांग शी यी’, म्हणजे ११ नोव्हेंबर. ११-११ या तारखेतले चार एक म्हणजे चार एकट्या काठ्या, म्हणून हा अविवाहितांचा दिवस. १९९० च्या दशकात नानजिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये तो सुरू झाला असं मानतात. २००९ मध्ये अलीबाबा या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या चिनी कंपनीच्या ताओबाओ मॉलने, म्हणजे आजच्या टीमॉलने, २७ ब्रँड घेऊन त्या दिवशी सेल लावला. तेव्हा विक्री झाली ५ कोटी युआनच्या आसपास. २०२१ मध्ये हाच आकडा ५४ हजार कोटी युआनच्या वर गेला. २०२२ पासून अलीबाबाने एकूण आकडा जाहीर करणंच थांबवलं.

आता हा एका दिवसाचा सण राहिलेला नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून, कधी त्याच्याही आधी, ऑफर सुरू होतात आणि ११ नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतात. ११ तारखेची वाट बघत बसलात तर हव्या त्या मापाचं जॅकेट तोवर संपलेलं असतं.

वर्षातला दुसरा मोठा सेल ‘सिक्स वन एट’, म्हणजे १८ जून. जेडी ही आज ऑनलाइन विक्री करणारी कंपनी १८ जून १९९८ ला बीजिंगच्या झोंगग्वानत्सुनमध्ये सुरू झाली, तिच्या वाढदिवसाचा हा सेल आता सगळेच करतात. मार्चमध्ये येणाऱ्यांनी पंखा, उन्हाळी चटई यासाठी जूनची वाट पाहावी. ८ मार्चचा महिला दिनाचा सेल आणि चिनी नववर्षाआधीचा ‘न्येनह्वो’ सेल लहान असतात. मात्र न्येनह्वोच्या शेवटी कुरिअरवाले गावी जातात आणि पार्सलं अडकून पडतात, हे लक्षात ठेवा. १२ डिसेंबरचा ‘डबल ट्वेल्व्ह’ जुन्या लेखांत भेटेल. ताओबाओने २०२३ मध्ये तो बंद करून त्या जागी वर्षअखेरचा वेगळा सेल आणला.

काय काय जवळ हवं

- पासपोर्ट आणि निवास परवाना
- स्वतःच्या नावावरचं चिनी सिमकार्ड
- चिनी बँकेचं खातं, किंवा निदान परदेशी व्यवहार चालू केलेलं व्हिसा/मास्टरकार्ड
- भारतीय सिम, रोमिंगवर चालू. भारतीय बँकेचा ओटीपी त्यावरच येतो
- चिनी लिपीत लिहिलेला घरचा किंवा होस्टेलचा पूर्ण पत्ता
- ॲप्स: खरेदीला ताओबाओ (टीमॉलची दुकानं यातच दिसतात), जेडी, पिनद्वोद्वो; पैसे द्यायला अलिपे आणि वीचॅट (हे गप्पांचंही ॲप आहे)
- फोटोवरून भाषांतर करणारं एखादं ॲप

वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. तेव्हा निघण्याआधी ते चालू करायच्या खटपटीत पडू नका, इथे उतरून चिनी नंबरवर खातं काढा.

१. नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या (सप्टेंबर)

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असतं, आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. सिमकार्डवाल्याने माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी लिहिलं. बँकेतल्या मुलीने आडनाव आधी घेतलं आणि मधली मोकळी जागा गाळली. माणूस एकच, पासपोर्ट एकच, पण अलिपेच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाया. खातं जोडायला गेलं की ‘माहिती जुळत नाही’ एवढंच यायचं. बँकेत तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे सुटका झाली.

तुम्ही असं करा. सिम घेतल्यावर त्यांच्या सिस्टीममध्ये नाव कसं चढलंय त्याचा फोटो काढा. बँकेत तोच फोटो दाखवा आणि क्रम, मोकळ्या जागा, मोठी अक्षरं अगदी तशीच घालायला सांगा. मग अलिपे आणि वीचॅटमध्ये पासपोर्टवरून ओळख-पडताळणी करा. पासपोर्ट नवा झाला की तिन्ही ठिकाणी बदलावं लागतं.

२. पैसे कसे द्यायचे

यूपीआयची सवय इथे उपयोगाची नाही. चिनी खातं झालं नसेल तर अलिपे किंवा वीचॅटमध्ये परदेशी कार्ड जोडता येतं. एका व्यवहारात २०० युआनपर्यंत शुल्क नाही, त्यावर गेलात की ३ टक्के लागतं. शिवाय तुमची भारतीय बँक चलन बदलाचं वेगळं घेते. हीटरवर जी काही सूट मिळाली, तिचा बराच भाग असा परत जातो. म्हणून मोठी खरेदी चिनी खात्यातूनच करा.

कार्ड वापरणारच असाल तर आदल्या आठवड्यात वीस-तीस युआनची एखादी वस्तू घेऊन बघा. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुद्दाम चालू करावे लागतात. ऐन सेलच्या मिनिटाला नकार आला तर पुण्यातल्या बँकेला फोन लावत बसावं लागतं. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. इथले रात्रीचे ८ म्हणजे तिकडचे साडेपाच.

३. पत्ता

चिनी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो: प्रांत, शहर, जिल्हा, रस्ता, सोसायटी, इमारत, खोली. घरमालकाकडून किंवा होस्टेलच्या ऑफिसातून तो चिनीत टाइप करून घ्या आणि तसाच चिकटवा. इंग्रजीत लिहिलेला पत्ता कुरिअरच्या मुलाला वाचता येत नाही, पार्सल भलत्याच फाटकावर पडतं.

पार्सलवर पासपोर्टवरचं नाव लागत नाही. दोन-तीन अक्षरांचं सोपं चिनी नाव घ्या. माझं आयींनी ठेवलंय. फोन नंबर मात्र अचूक हवा, कारण सगळा कारभार त्यावरच चालतो.

४. यादी करा आणि आजचा भाव टिपून ठेवा (सप्टेंबरअखेर)

मला या लेखातून एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी ही सांगेन. सेलमधला भाव खरोखर कमी आहे की नाही, हे फक्त आधीचा भाव माहीत असलेल्यालाच कळतं. सप्टेंबरात वस्तू शोधा, कार्टमध्ये टाका आणि भावाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. खोडलेल्या किमतीकडे बघूच नका. त्या किमतीला ती वस्तू शेवटची कधी विकली गेली ते तुम्हाला दिसत नाही. ऑक्टोबरात भाव थोडा चढून नोव्हेंबरात ‘उतरलेला’ मी डोळ्यांनी पाहिला आहे, तोही माझ्याच स्क्रीनशॉटवरून.

दक्षिणेकडच्या शहरात पहिल्या हिवाळ्यासाठी लागतं ते असं: पिसांचं जॅकेट (यूरोंगफू), जाड दुलई, विजेवर तापणारी चादर (द्येनरथान), आतून घालायचे गरम कपडे, घरातल्या जाड चपला. होस्टेलवर राहत असाल तर विजेची चादर घेण्याआधी नियम विचारा. पुष्कळ होस्टेलांत ती चालत नाही आणि तपासणीत जप्त होते. तिथे गरम पाण्याची पिशवी बरी.

शब्द अडला तर ताओबाओच्या शोधपट्टीतलं कॅमेऱ्याचं चिन्ह वापरा. मी आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पोळपाट-लाटण्याचा फोटो टाकला होता. लाटणी शेकड्याने आली, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, आपल्यासारखीच. इथे ती मोमोसारख्या च्याओझच्या पाऱ्या लाटायला वापरतात. पोळपाट म्हणून एक गोल लाकडी फळी मिळाली, तिच्यावर आजही पोळ्या होतात.

५. दुकान ओळखा

टीमॉलवर दुकानाच्या नावाच्या शेवटची अक्षरं वाचायला शिका. ‘छीज्येनद्येन’ म्हणजे ब्रँडचं स्वतःचं मुख्य दुकान. ‘ज्वानमाइद्येन’ म्हणजे त्या एका ब्रँडचा अधिकृत विक्रेता. ‘ज्वानयिंगद्येन’ म्हणजे अनेक ब्रँड ठेवणारा. विजेच्या वस्तूंसाठी मी पहिल्यावरच राहते. जेडीवर ‘झयिंग’ असा लाल शिक्का असला तर माल खुद्द जेडीच्या गोदामातून येतो, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी. भाव दोन पैसे जास्त असला तरी पहिल्या वर्षी हीटर तिथूनच घ्या, भाषा येत नसताना तक्रार करणं सोपं जातं. पिनद्वोद्वो मोजे, डबे, हँगर यांना उत्तम.

थेट प्रक्षेपणातून विकणारे असतात, त्यांत ली ज्याची हे नाव सगळ्यांत ऐकू येईल. चिनी नीट कळेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. बोलणं इतकं वेगात असतं, की काय घेतलं हे पार्सल उघडल्यावर कळतं.

६. भावाची भाषा

इथे आपली माणसं हमखास फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

‘जऽ’: ‘८ जऽ’ लिहिलं असेल तर सूट ८० टक्के नाही. किमतीच्या ८० टक्के तुम्ही द्यायचे, म्हणजे सूट २० टक्के. ‘९ जऽ’पेक्षा ‘७ जऽ’ स्वस्त. आकडा जितका लहान तितकं बरं.

‘जिन’: वजनाचं माप. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. पोळ्यांसाठी अख्ख्या गव्हाचं पीठ (छ्वानमाईफन) १० जिन मागवलं तर ५ किलो येतं. आमच्या ओळखीच्या एकाने किलोचा भाव समजून तांदूळ स्वस्त पडला म्हणून चार पोती घेतली होती.

‘दाओशोऊज्या’: सगळी कुपनं लावून शेवटी हातातून जाणारी किंमत. तुलना करायची ती हिचीच. पण कुपन आधी बोट लावून घ्यावं लागतं, ते आपोआप लागत नाही.

‘मानज्येन’: ठरावीक रकमेवर ठरावीक वजावट. समजा ३०० वर ५० आहे. जॅकेट ४२० चं, चादर १३९ ची, एकूण ५५९. यात ३०० एकदाच बसतात, म्हणून ५० वजा, द्यायचे ५०९. आता ४५ युआनचे मोजे टाका. एकूण ६०४, वजा १००, द्यायचे ५०४. मोजे घेऊनही ५ युआन वाचले. अशी भर घालण्याला ‘त्सोउदान’ म्हणतात आणि इथल्या मुली त्यात पटाईत असतात. मात्र नंतर मोजे परत केलेत तर ४५ मिळत नाहीत. वजावट सगळ्या वस्तूंवर प्रमाणात वाटलेली असते, त्यामुळे साधारण साडेसदतीस मिळतात. हल्ली काही ॲप्स हा हिशेब सोडून सरळ वस्तूवरच कपात देऊ लागली आहेत, तरी दुकानागणिक बघावं लागतंच.

७. आगाऊ रक्कम: माझे १०० युआन इथे गेले

बऱ्याच वस्तूंची विक्री दोन टप्प्यांत होते. आधी थोडी आगाऊ रक्कम भरून वस्तू राखून ठेवायची, मग काही दिवसांनी ठरलेल्या वेळेत उरलेले पैसे (वेइख्वान) भरायचे. ही वेळ पूर्वी मध्यरात्रीची असायची, अलीकडच्या वर्षांत बहुधा रात्री ८ ची असते.

मी एका हीटरसाठी १०० युआन भरले. उरलेले भरायची मुदत आहे हे चिनी सूचनेत होतं, मला वाटलं माल आल्यावर भरायचे. मुदत गेली, ऑर्डर बंद झाली. दुकानाला लिहिलं तर गोड उत्तर आलं, ‘छिन (म्हणजे ‘प्रिय’, इथले सगळे दुकानदार गिऱ्हाइकाला असंच म्हणतात), ही रक्कम परत होत नाही.’ तेव्हा राग आला. नंतर आयींनी कागदावर दोन अक्षरं काढून दाखवली आणि सगळा उलगडा झाला.

चिनीत ‘दिंगजिन’ नावाच्या दोन रकमा आहेत. उच्चार एकच, लिहिताना पहिलं अक्षर वेगळं. एका अक्षराच्या डोक्यावर छप्पर असतं, मधोमध टिंब असलेलं. ही हमीची रक्कम: तुम्ही मागे फिरलात तर बुडते, आणि दुकानदार मागे फिरला तर त्याने दुप्पट परत करायची, असा नागरी कायदा आहे. कराराच्या २० टक्क्यांपर्यंतच ती घेता येते. दुसऱ्या अक्षराला छप्पर नाही, डाव्या बाजूला वरती टिंब आणि खाली वळलेली लहान रेघ आहे. ही साधी आगाऊ उचल, व्यवहार मोडला तर साधारणपणे परत मिळते. सेलमध्ये जवळजवळ नेहमी छपरावालीच असते. छप्पर दिसलं की घ्यायचं पक्कं असल्याशिवाय बोट लावू नका. लावलंत तर त्याच क्षणी उरलेल्या पैशांच्या तारखेचा आणि वेळेचा गजर लावा, शक्यतो दोन.

पैसे भरल्यावर भाव आणखी उतरला तर? वस्तूच्या पानावर ‘ज्याबाओ’, म्हणजे भावाची हमी, लिहिलंय का ते बघा. असेल तर ठरलेल्या दिवसांत फरक मागता येतो. तो मागावा लागतो, आपणहून कुणी देत नाही. ११ तारखेनंतर एकदा सगळ्या ऑर्डरी उघडून भाव बघा. गेल्या वर्षी मला दुलईचे ३८ युआन असेच परत मिळाले.

८. पार्सल घेणं

२०२४ मध्ये चीनमध्ये १७ हजार कोटींहून जास्त पार्सलं वाटली गेली, त्यातली नोव्हेंबरातली गर्दी तुम्ही सोसायटीच्या फाटकावरच बघाल. माल दारात येतो, नाहीतर ‘त्साइन्याओ यीजान’ नावाच्या जवळच्या पार्सलघरात किंवा कुलुपाच्या कपाटात. फोनवर एक कोड येतो, त्यात फळी आणि क्रमांक असतो. तो बघून पार्सल स्वतः शोधायचं आणि दारातल्या यंत्रावर स्कॅन करून बाहेर पडायचं. पार्सलघरवाल्या काकांशी ओळख ठेवा, कोड हरवला तरी ते फोनच्या शेवटच्या चार आकड्यांवरून काढून देतात. मार्च २०२४ पासून तुम्हाला न विचारता पार्सल असं परस्पर ठेवणं नियमाबाहेर आहे, तेव्हा जड दुलई दारात हवी असेल तर फोनवर तसं सांगा.

महाग वस्तूचं पार्सल उघडताना फोनवर चित्रण करा, वरच्या चिठ्ठीपासून सलग.

९. परत करणं

२०१४ च्या मार्चपासून ऑनलाइन खरेदीला कायद्याने ७ दिवसांची मुभा आहे, कारण न सांगता परत करण्याची. मागणीनुसार बनवलेल्या वस्तू, नाशवंत माल आणि उघडलेल्या सीडी-सॉफ्टवेअरला ती नाही. कपड्यांचे टॅग काढू नका, जॅकेट घरातच घालून बघा. पाठवणीचा खर्च आपला असतो. पण ऑर्डरवर ‘युनफेइश्येन’ लिहिलं असेल तर त्या विम्यातून तो बहुतांशी भरून येतो. माप नक्की नसेल तर मी ते लिहिलेलं दुकानच निवडते. कुरिअरवाला घरी येऊन पार्सल नेतो, त्याची पोच पैसे खात्यात येईपर्यंत ठेवा.

दुकान ऐकत नसेल तर आधी ॲपला मध्यस्थी करायला सांगा, त्याचं बटण ऑर्डरच्या पानावरच असतं. तिथेही अडलं तर ग्राहक तक्रारीचा सरकारी क्रमांक १२३१५. फसवणूक सिद्ध झाली तर कायद्याने किमतीच्या तिप्पट भरपाई आहे, आणि ती किमान ५०० युआन. वर्गातल्या किंवा ऑफिसातल्या चिनी मित्राला शेजारी बसवून फोन करा.

१०. भारतात न्यायचं असेल तर

घरच्यांसाठी काही घेत असाल तर तीन गोष्टी पाहा. प्लग: इथले चपट्या पातींचे, आपले गोल. विजेचा दाब मात्र चालतो. पॉवर बँक: २०२५ च्या जूनअखेरपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) चिन्ह नसलेली चालत नाही, आणि ती नेहमी हातातल्या पिशवीतच ठेवायची. तिसरं, कुरिअरने भेटवस्तू पाठवायच्या भानगडीत पडू नका. करमाफीची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये राखीसारखे अपवाद सोडून बंद झाली. सामानातूनच न्या, आणि बिलांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये असू द्या.